'डूम्सडे'ला जाण्याआधी डूमला ओळखा: नवख्या मुंबईकर प्रेक्षकांसाठी तयारी

'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' या मार्व्हलच्या चित्रपटासाठी १८ डिसेंबर २०२६, शुक्रवार ही तारीख जाहीर झालेली आहे. लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर यावर चर्चा रंगते आणि तुम्हाला त्यातलं निम्मं कळत नाही, असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नवखा माणूस उत्साहात मार्व्हलच्या सगळ्या चित्रपटांची यादी काढतो, ती पस्तिसाच्या पुढे गेलेली बघतो, आठव्या-नवव्या चित्रपटाला थकतो आणि नाद सोडतो. एवढ्या कष्टांची अजिबात गरज नाही. हा चित्रपट एका माणसाभोवती, डूमभोवती, फिरणार आहे आणि तो माणूस कॉमिक्समध्ये १९६२ पासून आहे. त्याची नीट ओळख करून घेतलीत, मोजके चित्रपट पाहिलेत आणि तिकीट शहाणपणाने काढलंत, की झालं. दोन महिने हाताशी ठेवा. शनिवार-रविवार मिळून आरामात होतं.

काय काय लागेल:

- जिओहॉटस्टारचं सबस्क्रिप्शन. यादीतले बहुतेक चित्रपट आणि मालिका तिथे आहेत.
- दोन कॉमिक पुस्तकं, किंवा मार्व्हल अनलिमिटेड हे वाचनाचं ॲप. ॲपला मोबाइलपेक्षा टॅब्लेट बरा. छोट्या पडद्यावर संपूर्ण पान एका नजरेत येत नाही आणि पानाची मांडणी हीच तर चित्रकाराची कमाल असते.
- तिकिटांचं ॲप, त्यात आधीच केलेलं लॉगिन, आणि चालू असलेलं यूपीआय.
- चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र मिळालं, तरच वयाचा पुरावा.

१. डूम कोण, हे आधी समजून घ्या

व्हिक्टर व्हॉन डूम पहिल्यांदा दिसला तो 'फॅन्टॅस्टिक फोर' या चार सुपरहिरोंच्या कॉमिकच्या पाचव्या अंकात, जुलै १९६२ मध्ये. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची ही निर्मिती. लॅटव्हेरिया नावाच्या युरोपातल्या काल्पनिक छोट्या देशाचा तो राजा. आई सिंथिया जादूटोणा करणारी, वडील वर्नर वैदू. दोघंही तो लहान असतानाच गेले. आईचा आत्मा मेफिस्टोच्या, म्हणजे सैतानासारख्या एका शक्तीच्या ताब्यात अडकलेला आहे आणि तिला सोडवणं हा डूमच्या आयुष्याचा एक मोठा धागा आहे. म्हणून तो विज्ञान आणि मंत्रविद्या दोन्ही शिकतो. टोनी स्टार्ककडे, म्हणजे आयर्न मॅनकडे, यंत्रं आहेत, डॉक्टर स्ट्रेंजकडे मंत्र आहेत. डूमकडे दोन्ही आहेत, आणि म्हणूनच सगळे त्याला वचकून असतात.

अमेरिकेत शिकायला गेलेला असताना त्याची गाठ रीड रिचर्ड्सशी, म्हणजे पुढे फॅन्टॅस्टिक फोरचा म्होरक्या होणाऱ्या माणसाशी, पडते. रीड त्याच्या यंत्राच्या गणितातली चूक दाखवतो, डूम ऐकत नाही, यंत्राचा स्फोट होतो आणि चेहऱ्यावर इजा होते. यापुढचा तपशील लक्षात ठेवा. जॉन बर्न यांनी १९८५ मध्ये रंगवलेल्या प्रसंगानुसार त्या स्फोटाने चेहऱ्यावर फक्त एक लहानसा व्रण पडतो. डूमला तोही सहन होत नाही. तिबेटातल्या मठात चिलखत तयार होतं आणि मुखवटा पुरता निवण्याची वाट न बघता तो चेहऱ्यावर चढवतो. खरा चेहरा जळतो तो तेव्हा, आणि तोही स्वतःच्या हाताने. पुढची साठ वर्षं तो या सगळ्याचं खापर रीडवर फोडत आला आहे. हे एक पान समजलं की डूम समजला.

आणखी तीन गोष्टी. तो स्वतःबद्दल बोलताना 'मी' न म्हणता बऱ्याचदा 'डूम' म्हणतो. तो हरल्यासारखा दिसला, तर तो खरा डूम असेलच असं नाही, कारण त्याच्यासारखे दिसणारे यंत्रमानव, डूमबॉट, तो सर्रास वापरतो. आणि रीडच्या मुलीच्या, व्हॅलेरियाच्या, अवघड बाळंतपणात तिला सुखरूप जगात आणणारा डूमच आहे. तिचं नावही त्यानेच ठेवलं. इतका कडवा शत्रू आणि घरातल्या लेकीशी इतकं घट्ट नातं, ही गुंतागुंत मला साऱ्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये सर्वांत सुंदर वाटते.

एका प्रश्नात सगळे नवखे अडकतात: रॉबर्ट डाउनी ज्युनियर तर आयर्न मॅन होता, मग डूम म्हणजे टोनी स्टार्कच का? जुलै २०२४ मध्ये सॅन दिएगो कॉमिक कॉनच्या मंचावर तो व्हिक्टर व्हॉन डूमची भूमिका करणार असंच जाहीर झालं. कॉमिक्समध्ये हे दोघे वेगळे आहेत. टोनी बेशुद्धावस्थेत असताना डूमने आयर्न मॅनचं चिलखत घातल्याची एक कथामालिका २०१६ मध्ये आली होती; इंटरनेटवरचे बरेच तर्क तिथूनच उचललेले असतात.

२. कॉमिक्स: कोणती आणि कोणत्या क्रमाने

इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या पिढीला एका अंकात गोष्ट पुरी होण्याची सवय आहे. मार्व्हलचं तसं नसतं. एक कथा पाच-सहा मासिक अंकांत चालते, ते अंक मग एकत्र बांधून पुस्तक निघतं. कागदी बांधणीचं ते ट्रेड पेपरबॅक, आणि उशीएवढा जाडजूड ग्रंथ म्हणजे ऑम्निबस. तुम्ही ट्रेड पेपरबॅकच घ्या. ऑम्निबस महाग असतो आणि हातात धरून लोकलमध्ये वाचता येत नाही.

पहिलं पुस्तक: 'बुक्स ऑफ डूम'. एड ब्रुबेकर यांनी लिहिलेले सहा अंक, २००५-०६. डूमचं बालपण, शिक्षण, अपघात, राज्य मिळवणं असं सगळं सलग येतं. आधीचं काही वाचलेलं नसलं तरी चालतं. इथूनच सुरुवात करा.

दुसरं: 'ट्रायम्फ अँड टॉरमेंट', १९८९. लेखक रॉजर स्टर्न, चित्रकार माइक मिन्योला. डॉक्टर स्ट्रेंज आणि डूम दोघं मिळून सिंथियाचा आत्मा सोडवायला मेफिस्टोच्या नरकात उतरतात. एकच छोटं पुस्तक आहे, एका बैठकीत संपतं. शेवट मी सांगणार नाही. वेळ किंवा पैसे एकाच पुस्तकापुरते असतील, तर पहिलंही सोडा आणि हेच घ्या.

तिसरं, मन लागलं तरच: 'सीक्रेट वॉर्स', २०१५. जोनाथन हिकमन लेखक, एसाद रिबिच चित्रकार, नऊ अंक. यात डूम देव होतो, म्हणजे अक्षरशः. उद्ध्वस्त विश्वांचे तुकडे जोडून बॅटलवर्ल्ड नावाचं जग उभारतो आणि त्यावर राज्य करतो. 'डूम्सडे'च्या पुढचा भाग याच नावाने १७ डिसेंबर २०२७ ला येणार असं जाहीर झालं आहे. त्यामुळे कथेचा अंदाज आधीच नको असेल, तर हे पुस्तक 'डूम्सडे' पाहून झाल्यावर उघडा. माझा सल्ला तोच आहे.

सापळा इथे आहे. 'सीक्रेट वॉर्स' नावाची दोन पुस्तकं आहेत. दुसरं १९८४-८५ चं, बारा अंकांचं, जिम शूटर यांनी लिहिलेलं. स्पायडरमॅनचा काळा पोशाख त्यातलाच. चांगलं आहे, पण वेगळं आहे. शिवाय 'सीक्रेट वॉर्स २', 'सीक्रेट वॉर' आणि 'सीक्रेट इन्व्हेजन' ही आणखी तीन वेगळीच प्रकरणं. नाव बघून मागवू नका. मुखपृष्ठावर हिकमन आणि रिबिच ही नावं बघा. तसंच, 'डूम्सडे' एवढाच शब्द शोधलात तर समोर येतो तो डीसी या दुसऱ्या कॉमिक कंपनीचा राक्षस, १९९२ मध्ये सुपरमॅनला मारणारा. त्याचा इथे काडीचाही संबंध नाही.

वाचण्याची रीत सोपी आहे: चौकटी डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एका चौकटीत जो फुगा वर, तो आधी. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर पहिल्या वाचनात फुगे सोडून नुसती चित्रं बघत पुस्तक संपवा, मग परत सुरू करा. मिन्योलाच्या पानांना हे फार छान लागू पडतं.

३. पुस्तकं कुठे मिळतील, घेताना काय तपासायचं

फोर्टातलं किताब खाना, वांद्र्याचं टायटल वेव्हज, केम्प्स कॉर्नरचं क्रॉसवर्ड अशा मोठ्या दुकानांत ग्राफिक नॉव्हेलचं वेगळं कपाट असतं. जाण्याआधी फोन करून लेखकाच्या नावासकट विचारा, म्हणजे फेरी वाया जात नाही. फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. तिथे हवं ते नेमकं मिळेलच असं नाही, पण सुटे जुने अंक स्वस्तात चाळायला उत्तम जागा आहेत.

ऑनलाइन घेताना किंमत अगदीच कमी दिसली तर सावध व्हा. चोरून छापलेल्या प्रती बाजारात खूप आहेत. ओळखायचं कसं? मागे बारकोडखालचा आयएसबीएन आकडा नसतो किंवा तो टाकून शोधलं तर भलतंच पुस्तक येतं. बांधणीकडची अक्षरं शिवणीत गिळलेली असतात. काळा रंग करडा दिसतो. आणि सुरुवातीचं श्रेयनामावलीचं पान गायब असतं. डूमची पानं मुळातच गडद. त्यात करडी छपाई म्हणजे अर्धं चित्र गेलंच.

मार्व्हल अनलिमिटेड घेतलंत तर वरचं सगळं एका ठिकाणी मिळतं. वेबसाइटवरून पैसे भरताना डॉलरमध्ये जातात, म्हणून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या आणि वाचन संपलं की नूतनीकरण आठवणीने बंद करा. वर्षाची वर्गणी उत्साहाच्या भरात घेऊ नका. एक महिना पुरतो.

४. सात चित्रपट, एक मालिका

याच क्रमाने बघा:

- 'इन्फिनिटी वॉर' (२०१८) आणि 'एंडगेम' (२०१९). ही जोडी सलग दोन दिवसांत संपवा. 'डूम्सडे'चे दिग्दर्शक तेच, रूसो बंधू.
- 'लोकी' मालिका, दोन्ही सीझन (२०२१ आणि २०२३), प्रत्येकी सहा भाग. अनेक समांतर विश्वं असतात, ही कल्पना इथे नीट समजावली आहे.
- 'स्पायडरमॅन: नो वे होम' (२०२१). हा सोनीचा असल्यामुळे बाकीच्यांबरोबर एकाच ॲपवर मिळेल असं गृहीत धरू नका.
- 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (२०२२). 'इन्कर्शन' हा शब्द यात येतो, तो पकडून ठेवा.
- 'डेडपूल अँड वुल्व्हरीन' (२०२४). 'ए' प्रमाणपत्राचा आहे, मुलांबरोबर नको.
- 'थंडरबोल्ट्स' (२०२५).
- 'द फॅन्टॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स' (२०२५).

शेवटच्या दोन्हींत नामावली सुरू झाली म्हणून बंद करू नका. पुढच्या गोष्टीचं दार तिथेच उघडतं.

इन्कर्शन म्हणजे काय ते हिकमनच्या कॉमिक्समध्ये सर्वांत स्पष्ट आहे. दोन विश्वं एकमेकांवर आदळू लागतात आणि आदळण्याची जागा असते पृथ्वी. आकाश लाल होतं, वर दुसरी पृथ्वी दिसू लागते, आणि हातात आठ तास उरतात. त्या वेळात एक पृथ्वी नष्ट केली तर दोन्ही विश्वं वाचतात. नाही केली, तर दोन्ही जातात. आपलं जग वाचवायला शेजारचं जग मारायचं का, यावर टोनी स्टार्क आणि स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) यांची कायमची फाटते. चित्रपटात हे कसं येतं ते डिसेंबरमध्ये बघूच, पण हा पेच डोक्यात घेऊन गेलात तर प्रत्येक हाणामारीला अर्थ येईल.

जुने 'एक्स-मेन' चित्रपट बघायचे का? पॅट्रिक स्ट्युअर्ट, इयन मॅकेलन, जेम्स मार्सडन ही मंडळी मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कलाकारांच्या यादीत आहेत. २००० चा पहिला आणि २००३ चा दुसरा, एवढे दोन पुरेत.

५. अफवा आणि फसवणूक

तारीख जवळ येईल तसे बनावट ट्रेलर वाढत जातात. आता एआयने बनवलेला चेहरा आणि आवाज पटकन ओळखू येत नाही. नियम एकच ठेवा: मार्व्हल स्टुडिओज किंवा मार्व्हल इंडिया यांच्या अधिकृत खात्यावर नसेल, तर ते आलेलंच नाही. खऱ्या बातमीची चव राखायची असेल तर शेवटचे पंधरा दिवस डूम, डाउनी, एंडगेम हे शब्द समाजमाध्यमांवर म्यूट करा.

व्हॉट्सॲपवर 'पहिल्या दिवसाची तिकिटं, लगेच बुक करा' अशी लिंक किंवा एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली तर ती उघडू नका. एपीके टाकली की मोबाइलमधले ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

६. पडदा निवडा

'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम' पूर्णपणे आयमॅक्स कॅमेऱ्यांवर चित्रित झाले होते. अशा चित्रपटाचं चित्र आयमॅक्सच्या १.९०:१ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) पडद्यावर, नेहमीच्या २.३९:१ रुंद पट्टीपेक्षा २६ टक्क्यांपर्यंत जास्त दिसतं, आणि वाढ होते ती उंचीत. उडणाऱ्या माणसांच्या चित्रपटाला ते फार शोभतं.

मुंबईत आयमॅक्स आहे चर्चगेट स्टेशनसमोरच्या इरॉसला, लोअर परळच्या फिनिक्स पॅलेडियममध्ये, वडाळ्याला भक्ती पार्कात, घाटकोपरच्या आर सिटीत आणि मालाडच्या इनऑर्बिटमध्ये. इरॉस एकपडदा आहे, खुर्च्या साधारण तीनशे, त्यामुळे तिकिटं बघता बघता संपतात.

मात्र आयमॅक्सवरच अडून बसू नका. 'ड्यून'च्या तिसऱ्या भागालाही हीच १८ डिसेंबर तारीख जाहीर झालेली आहे आणि तोही आयमॅक्ससाठीच बनतोय. पडदे मोजके, दावेदार दोन. दुसरा पर्याय म्हणून जवळच्या मल्टिप्लेक्सचा सर्वांत मोठा ऑडी आणि चांगली ध्वनियंत्रणा शोधून ठेवा. थ्रीडी टाळलंत तरी काही बिघडत नाही. चष्म्यामुळे उजेड कमी होतो आणि डूमची दृश्यं अंधारी असणार.

७. तिकीट काढा

बुकिंग उघडण्याच्या दिवशी लॉगिन करून, थिएटर 'फेव्हरिट' करून बसा. बुकमायशोवर एका वेळी दहाच तिकिटं निघतात. मोठा कंपू असेल तर दोघांनी एकाच वेळी शेजारच्या रांगा पकडायच्या. खुर्च्या निवडल्या की काही मिनिटंच राखून ठेवल्या जातात, त्यामुळे 'तुला चालेल का' हे आधी विचारून ठेवा.

रांगेच्या अक्षरावर विसंबू नका. ए रांग कुठे पडद्याजवळ असते, कुठे शेवटी. नकाशावर पडदा कुठल्या बाजूला दाखवलाय ते बघा आणि पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावरची, मधली खुर्ची घ्या. आयमॅक्समध्ये पहिल्या चार रांगा म्हणजे तीन तास मान वर.

पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. ॲपमधल्या बुकिंगच्या इतिहासात आधी बघा. कित्येकदा तिकीट तिथे आलेलं असतं आणि फक्त मेसेज उशिरा येतो. दाखवलेल्या दरावर ॲपचं सेवाशुल्क आणि त्या शुल्कावरचा जीएसटी चढतो. थिएटरच्या खिडकीवर हे शुल्क लागत नाही. घराजवळ थिएटर असेल तर दुसऱ्या आठवड्यासाठी खिडकीच बरी.

मुलांना नेणार असाल तर प्रमाणपत्र बघा. आता 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. त्यात निर्णय पालकांचा असतो. 'ए'ला मात्र अठराखालच्यांना आत सोडतच नाहीत.

८. परतीच्या गाडीचा हिशेब

मुंबईत हे विसरून चालत नाही. 'एंडगेम' १८१ मिनिटांचा होता, तोच आधार धरा. साडेनऊचा खेळ, पंधरा मिनिटं जाहिराती, पंधरा मिनिटांचं मध्यंतर: बाहेर पडायला रात्रीचा एक वाजतो. सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याकडची शेवटची लोकल साडेबाराच्या आतच सुटते. कल्याणच्या पलीकडे राहत असाल तर सहाचा खेळ घ्या, साडेनऊला मोकळे व्हाल. रविवारी दुपारचा खेळ आणि वडाळा असं जुळत असेल, तर हार्बरचा मेगाब्लॉक शनिवारीच बघून ठेवा.

९. आत गेल्यावर

बाहेरचं खाणं थिएटरवाले अडवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसं सांगितलं आहे. पण त्याच निकालाप्रमाणे पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं नेता येतं. हक्काने मागा.

पडद्याचं चित्रण करू नका, स्टेटससाठी दहा सेकंदही नाही. २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात चोरून चित्रण केल्यास किमान तीन महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. शिवाय तुमच्या दहा सेकंदांनी दुसऱ्या कुणाची वर्षांची वाट पाहणं वाया जातं, हे त्याहून वाईट.

नामावली पूर्ण संपेपर्यंत खुर्ची सोडू नका. सफाईवाले दार उघडतात, दिवे लागतात, अर्धी माणसं उठतात, तरीही बसून राहा. आणि घरी पोचल्यावर हिकमनचं ते तिसरं पुस्तक काढा. पुढच्या भागाला मग एकच वर्ष उरलेलं असेल.